धागा : बेट खोटं, घुमट खरा – सुरुवातीचा स्टिरिओ आणि एक्झॉटिका

सुईखाली (धागाकर्ता)

मे महिन्यात चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका गाळ्यात जुन्या पंख्यांच्या मागे एलपींचा ढीग दिसला. त्यात हवाईच्या आर्थर लायमन या वादकाची 'टॅबू' होती. कव्हर पाण्यानं फुगलेलं, एक कोपरा कुरतडलेला, आत रेकॉर्डवर बुरशीची पांढरी जाळी. तीनशे रुपयांत मिळाली. घरी आणून कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश घेऊन खाचांच्या दिशेनं गोल गोल धुतली, लेबलवर पाणी जाऊ दिलं नाही. रात्रभर ताटाळ्यात उभी करून वाळवली. सकाळी लावली आणि थोड्याच वेळात उठून खिडकीशी गेलो. मला वाटलं बाहेर कुठला तरी पक्षी ओरडतोय. पक्षी बाहेर नव्हता, डाव्या स्पीकरच्या दोन हात मागे होता.

तेव्हापासून रोज ऐकतोय, आणि त्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं आहे म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पन्नासच्या दशकात अमेरिकेत एक्झॉटिका नावाचं वाद्यसंगीत फार चाललं. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायचं वाद्य), मरिंबा (तसंच, पण लाकडी पट्ट्यांचं), बोंगो, पियानो, मध्येच घंटा, शंख, पक्ष्यांच्या शिट्ट्या. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन आलेले लाखो सैनिक, बांबूनं सजवलेली टिकी हॉटेलं आणि १९५९ साली राज्याचा दर्जा मिळालेलं हवाई, या सगळ्यातून तयार झालेली हौस. संगीत कुठल्याच एका बेटाचं नाही. 'क्वाएट व्हिलेज' ही या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली धून लेस बॅक्स्टरनं १९५१ साली केली, ती मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन अमेरिकेत बसून. त्यातलं खेडं नकाशात सापडत नाही.

पण 'टॅबू' जिथे मुद्रित झाली ती जागा खरी आहे. होनोलुलूत वायकिकीच्या किनाऱ्यावर हेन्री कायझर या उद्योगपतीचं हवाईयन व्हिलेज हॉटेल होतं. त्याच्या आवारात १९५७ साली बकमिन्स्टर फुलर या रचनाकाराच्या भूमितीवरचा एक घुमट उभा राहिला, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे तुकडे जोडून केलेला. लायमन आणि त्याचे तीन साथीदार मध्यरात्र उलटल्यावर तिथे जमायचे, कारण तोवर रस्त्यावरची रहदारी आणि पर्यटकांची वर्दळ थांबलेली असायची. चौघं एकाच वेळी वाजवायचे. नंतर वरून काही चढवायचं नाही, कापाकापी नाही. घुमटात सूर विरायला जवळजवळ तीन सेकंद लागत, आणि ते तीन सेकंद रेकॉर्डमध्ये जसेच्या तसे आहेत. व्हायब्राफोनच्या पट्टीवर काठी पडते तो ठोका उजवीकडे, आणि त्याची शेपटी हळूहळू वर चढत डावीकडे जाते.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच : या रेकॉर्डमधलं बेट खोटं आहे, पण हवा खरी आहे. १९५८ सालच्या एका रात्रीची, एका खोलीची हवा. त्या काळचे स्टिरिओ मुद्रक माईक कमी लावायचे आणि वादकांना एकमेकांच्या समोर उभं करायचे, म्हणून ती हवा आपल्यापर्यंत पोचली. पुढे एकाच टेपवर चोवीस ट्रॅक, म्हणजे चोवीस वेगळे पट्टे आले, प्रत्येक वाद्य वेगळ्या कोठडीत गेलं, आणि ही गोष्ट बरीचशी हरवली.

तुमच्याकडे असं काही आहे का? लिहा.

---

पारिजात ठाणे

काय सुंदर लिहिलंय. वाचतेय.

---

तबकडी

मस्त विषय. स्टिरिओची थोडी पूर्वपीठिका देतो, कारण ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे.

ॲलन ब्लमलाइन नावाचा इंग्रज अभियंता इएमआय या रेकॉर्ड कंपनीत होता. १९३१ साली बायकोबरोबर बोलपट बघायला गेला असताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातोय आणि आवाज मात्र एकाच जागी खिळलेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. दोन माईक कसे ठेवायचे, दोन बाजूंचे आवाज एकाच खाचेत कसे कोरायचे, सगळं त्यात आहे. १९३४ च्या जानेवारीत ॲबी रोडच्या स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम घेत होते, ती त्यानं या पद्धतीनं मुद्रित केली. ती आजही ऐकायला मिळते. १९४२ साली रडारची चाचणी घेत असलेलं विमान कोसळलं, त्यात ब्लमलाइन गेला. वय फक्त ३८.

खाचेची गंमत समजून घेण्यासारखी आहे. व्ही आकाराची खाच, तिच्या दोन भिंती, प्रत्येक भिंत ४५ अंशांत. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. दोन्हीकडे सारखाच आवाज असला की सुई फक्त आडवी हलते, जुन्या मोनो, म्हणजे डावं-उजवं नसलेल्या रेकॉर्डवर हलायची तशीच. दोन बाजूंत फरक पडला की ती वर-खालीही हलायला लागते. म्हणजे डावं-उजवं हे सगळं त्या वर-खाली हलण्यात लपलेलं असतं. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ यंत्रावर नीट वाजते ती यामुळेच.

हीच पद्धत वेस्ट्रेक्स कंपनीनं १९५७ साली पुन्हा पुढे आणली आणि ती सगळ्यांनी स्वीकारली. तोवर मोठ्या कंपन्या तयारीत होत्याच. १९५४ सालीच आरसीएनं शिकागोत फ्रिट्झ रायनर आणि डेक्कानं जिनिव्हात आन्सेर्मे या ऑर्केस्ट्रा-संचालकांबरोबर स्टिरिओ मुद्रणं सुरू केली होती. पण ती ऐकायला रिळाची टेप लागायची आणि ती सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. पहिली स्टिरिओ एलपी काढली ती ऑडिओ फिडेलिटी या छोट्या कंपनीनं, १९५७ च्या अखेरीस. एका बाजूला डिक्सीलँड जॅझ आणि दुसऱ्या बाजूला काय, तर आगगाड्यांचे आवाज! दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाडी धडधडत गेली की दुकानातलं गिऱ्हाईक यंत्र घेऊनच बाहेर पडत असणार.

---

मधला सप्तक

त्या वर-खाली हलण्यावरून आठवलं. वडिलांनी कुणाकडून तरी परदेशातून मागवलेली एक स्टिरिओ एलपी आमच्या घरी होती. आमचा पेटीवाला प्लेअर मोनो. त्याची सुई जाड, साधारण २५ मायक्रॉनची, आणि वर-खाली हलायला जवळजवळ तयारच नसलेली. स्टिरिओची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. आम्ही दोन वर्षं दर रविवारी ती रेकॉर्ड वाजवली. पुढे मोठ्या भावानं स्टिरिओ घेतला, हौसेनं ती लावली, तर व्हायोलिनच्या जागी नुसती खरखर. सुईनं खाचेतला वर-खालीचा सगळा भाग खरवडून काढला होता. वडील काही बोलले नाहीत. रेकॉर्ड पाकिटात घातली आणि कपाटात ठेवून दिली. ती अजून माझ्याकडे आहे.

कुणाकडे जुना मोनो प्लेअर असेल तर स्टिरिओ रेकॉर्ड त्यावर लावू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

गोंयकार

लायमन ज्याच्या हाताखाली तयार झाला त्या मार्टिन डेनीबद्दल लिहायलाच हवं.

डेनी मूळ न्यूयॉर्कचा पियानोवादक, हवाईत जाऊन स्थायिक झालेला. हवाईयन व्हिलेजमध्येच शेल बार नावाची उघड्यावरची बैठक होती, शेजारी एक तळं. तळ्यात बेडूक. वादन सुरू झालं की बेडूक डराव डराव करायचे, थांबलं की तेही गप्प. एका रात्री ऑगी कोलोन आणि इतर वादकांनी गमतीनं पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी एक पाहुणा आला आणि म्हणाला, ती पक्ष्यांची आणि बेडकांची रचना पुन्हा वाजवाल का? डेनीला आधी कळेचना. मग लख्ख प्रकाश पडला. बेडकाचा आवाज खोबणीच्या लाकडी वाद्यावर काठी घासून काढायचा, पक्षी ऑगीनं तोंडानं. या बैठकीतून 'एक्झॉटिका' ही एलपी झाली.

आता धागाकर्त्यांना थोडं छेडतो. ती एलपी डिसेंबर १९५६ मध्ये मोनोत मुद्रित झाली. १९५८ साली स्टिरिओची लाट आली म्हणून कंपनीनं तीच एलपी नव्यानं वाजवून घेतली. तोवर लायमन गट सोडून गेला होता, त्याच्या जागी ज्यूलियस वेक्टर. १९५९ साली ही एलपी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि 'क्वाएट व्हिलेज' एकेरी गाण्यांच्या यादीत चौथ्या. पण खुद्द डेनीला आवडायची ती आधीची मोनो. नवं काहीतरी हाती लागल्याचा उत्साह त्यात आहे असं त्याचं मत होतं. मी दोन्ही ऐकल्यात आणि मला त्याचं पटतं. मोनोत चौघं दाटीनं एकत्र वाजवतात, स्टिरिओत ऐसपैस बसलेत.

---

सुईखाली (धागाकर्ता)

@गोंयकार, दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकल्या आज. तुमचं म्हणणं मान्य. मोनोत वेक्टरच्या जागी लायमनचा हात आहे, आणि तो ओळखू येतो. लायमनचं शिक्षणच वेगळं होतं. लहानपणी शाळेतून आल्यावर वडील त्याला खेळण्यातला मरिंबा आणि जॅझवाल्या बेनी गुडमनच्या रेकॉर्डी देऊन खोलीत बसवायचे, रेकॉर्डबरोबर वाजव म्हणून. सूर धरून ठेवणं आणि सोडणं त्याच्या मनगटात तिथून आलं.

पण म्हणूनच मी 'टॅबू'ला वर ठेवतो. तोच हात, आणि त्याला घुमट मिळाला.

---

अवनी

मला एस्किव्हेल जास्त आवडतो हे इथे सांगायला हरकत नसावी. हुआन गार्सिया एस्किव्हेल, मेक्सिकोचा. त्याचं १९६२ चं 'लॅटिन-एस्क' ऐकून बघा. ऑर्केस्ट्राचे दोन भाग केले आणि ते वेगवेगळ्या इमारतींतल्या दोन स्टुडिओंत बसवले. एकमेकांना ऐकायचं ते हेडफोनवर. डाव्या बाजूचा एक थेंबही उजवीकडे सांडू नये म्हणून एवढा खटाटोप! कोरसमधल्या बायका शब्दांऐवजी 'झू झू' म्हणतात, पितळी वाद्यं एकदम अंगावर येतात, पियानो मधूनच पळत जातो.

यात सुईखालींची 'हवा' औषधालाही नाही. पण मला त्यात कमतरता वाटत नाही. चित्रकार कोरा कागद घेतो तसा त्यानं स्टिरिओ घेतला. अमेरिकेतल्या एनॉक लाइट या ऑर्केस्ट्रावाल्या निर्मात्याचंही तसंच. त्याची १९५९ ची 'पर्स्वेसिव्ह परकशन' पुढच्या वर्षी तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. बोंगो इकडून, उत्तर तिकडून. लोक पिंगपाँग म्हणून नाकं मुरडतात. पण त्याची मुखपृष्ठं जोसेफ आल्बर्स या चित्रकारानं केली होती, नुसते काळे ठिपके, आणि आतल्या पानावर प्रत्येक तुकड्यात काय ऐकायचं याचं वर्णन इतकं लांब की त्यासाठी कव्हर पुस्तकासारखं उघडणारं करावं लागलं. ऐकणाऱ्याला इतक्या आस्थेनं हाताला धरून कोण नेतं?

---

तबकडी

अवनी यांना पाठिंबा. एनॉक लाइटनं पुढे १९६१ मध्ये टेप सोडून सिनेमाच्या ३५ मिलिमीटर चुंबकीय फिल्मवर मुद्रण केलं. फिल्म जाड असते, त्यामुळे रिळात गुंडाळल्यावर एका थराचा आवाज दुसऱ्या थरावर उमटत नाही, आणि पट्टी रुंद असल्यानं हिस्स (टेपची सळसळ) कमी. मुद्रक बॉब फाइन, म्हणजे मर्क्युरी कंपनीच्या पाश्चात्त्य शास्त्रीय रेकॉर्डींचा आवाज ज्यानं घडवला तोच. तेव्हा हे लोक खेळ करत होते असं कुणी समजू नये. तेच माईक, तेच हात सकाळी सिंफनीला आणि संध्याकाळी बोंगोला.

---

लांबचा किनारा

लॉस एंजेलिसहून लिहितोय. थोडा वेगळा सूर लावणार आहे, राग नसावा.

या संगीतात 'पूर्व' म्हणून जे वाजतं ते ऐकताना मला अडखळायला होतं. त्यात आपणही आहोत. १९४९ च्या सुमारास इथल्या केटीएलए वाहिनीवर कोर्ला पंडित नावाचा ऑर्गनवादक यायचा. डोक्याला फेटा, त्यावर मधोमध रत्न, तोंडातून एक शब्द नाही, नुसतं कॅमेऱ्यात एकटक बघत हॅमंड ऑर्गन वाजवायचा. दिल्लीच्या ब्राह्मणाचा मुलगा, आई फ्रेंच गायिका, अशी त्याची ओळख. बायका वेड्या झाल्या होत्या म्हणतात. १९९८ साली तो गेला, आणि २००१ मध्ये इथल्या एका मासिकानं छापलं की त्याचं खरं नाव जॉन रोलंड रेड, जन्म सेंट लुईस, मिसुरी. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबातला. हिंदुस्थानाशी काडीचा संबंध नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चीड आली होती. मग कळलं की त्या काळी याच शहरात वादकांच्या संघटनासुद्धा दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. त्या एक झाल्या १९५३ साली. फेटा बांधल्यावर जी दारं उघडली ती जॉन रेड म्हणून उघडली नसती. आयुष्यभर त्यानं ते निभावलं, घरच्यांना भेटायचं तेही जपून. आता त्याचं ऑर्गन ऐकतो तेव्हा मला चीड येत नाही, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं. पण 'बेट खोटं असलं तरी चालेल' असं मला सहज म्हणता येत नाही. खोट्या बेटाची किंमत कुणीतरी मोजलेली असते.

---

सुईखाली (धागाकर्ता)

@लांबचा किनारा, राग कसला? हे इथे यायलाच हवं होतं. मी 'बेट खोटं' किती पटकन लिहून मोकळा झालो ते तुमचा प्रतिसाद वाचून जाणवलं. काल रात्री कोर्ला पंडितच्या जुन्या चित्रफिती बघत बसलो. एकटक बघणारे ते डोळे आता वेगळेच दिसतात.

एक मात्र म्हणेन. लायमन हवाईतच जन्मलेला, आईकडून हवाईयन रक्ताचा. तो वाजवतो तेव्हा ते बाहेरच्यानं रंगवलेलं बेट उरत नाही, तिथल्याच माणसाची पोटापाण्याची रोजची मैफल असते. हॉटेलचं गिऱ्हाईक मागेल ते वाजवायचं, आणि रात्री सगळे गेल्यावर घुमटात जाऊन स्वतःला हवं तसं.

---

पारिजात ठाणे

माझ्याकडे एक्झॉटिका नाही, पण धागा वाचताना सारखी 'कॉल ऑफ द व्हॅली' आठवत राहिली. १९६७ ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. तीही जागेचीच रेकॉर्ड की. काबरांची गिटार मांडीवर आडवी ठेवून सळईनं वाजवायची, म्हणजे मुळात हवाईचीच पद्धत! हवाईचा ताऊ मो आपल्या कुटुंबासह चाळीसच्या दशकात कित्येक वर्षं कलकत्त्यात राहिला होता, ही गिटार आपल्याकडे रुजली त्यात त्याचा मोठा हात.

आणि त्या एलपीचे निर्माते एचएमव्हीचे जी. एन. जोशी. 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच. आमच्या आजीला ती शीळ पाठ होती आणि आईला ही एलपी. एकाच माणसानं दोघींना रानात नेलं हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

---

गोंयकार

@पारिजात, अंगावर काटा आला.

मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात बोंगो-कोंगा आणणारे कावस लॉर्ड, त्यांचे मुलगे, बुजी व्हायब्राफोनवर आणि केरसी ॲकॉर्डियन आणि ग्लॉकेनस्पीलवर. शेजारच्या खुर्च्यांवर आमचे गोंयचे व्हायोलिन आणि ट्रंपेटवाले. जुन्या क्लबमधल्या गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे नीट ऐका, हीच वाद्यं, हाच ओलसरपणा. फक्त तेव्हा ते मोनोत होतं.

---

नवखा श्रोता

हा धागा वाचून मी पण कपाटातला टर्नटेबल काढला, एका दुकानातून नवीन काडतूस (सुई बसवलेला कार्ट्रिज) बसवून आणलं आणि ऑनलाइन मागवलेली 'टॅबू' लावली. मला मात्र तुम्ही म्हणता तसं काहीच ऐकू येत नाहीये. आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटल्यासारखा, मधोमध कुणीच नाही, आणि बास तर गायब. रेकॉर्ड खराब आहे का?

---

तबकडी

रेकॉर्ड चांगली असणार. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण आहे का? ते दाबा आणि आवाज वाढतो की बारीक होतो ते सांगा.

---

नवखा श्रोता

दाबलं. एकदम बारीक आणि पातळ झाला!

---

तबकडी

मग एका बाजूच्या तारा उलट जोडल्यात. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, म्हणून मधला माणूस आणि बास दोन्ही एकमेकांत खपतात.

आधी सगळं बंद करा, मग काडतुसाच्या मागे भिंग घेऊन बघा. चार बारीक तारा असतात. पांढरी म्हणजे डावीचं धन, निळी डावीचं ऋण, लाल उजवीचं धन, हिरवी उजवीचं ऋण. काडतुसावरच्या खुणांशी ताडून बघा. बहुतेक लाल-हिरवी अदलाबदल झाली असेल. चिमट्यानं टोपी धरून ओढा, तार ओढू नका, तुटते.

---

नवखा श्रोता

लाल-हिरवीच होती. बदलली.

मी आत्ता दिवा बंद करून पहिली बाजू पूर्ण ऐकली. मधोमध बास आहे. पियानो त्याच्या थोडा मागे. व्हायब्राफोनचा सूर खरंच वर जातो, आमच्या छताच्याही वर. आमची खोली दहा बाय बाराची आहे.

एक विचारायचं होतं. एका शांत जागी डावीकडून, बराच लांबून, 'टक्' असा एक आवाज येतो. चरा पडलाय का?

---

सुईखाली (धागाकर्ता)

चरा असेल तर तो शेजारच्या खाचांतही गेलेला असतो. रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणून तो टक्-टक् करत दर फेऱ्याला पुन्हा येतो. एकदाच आला का? आणि धुतल्यावरही तिथेच आहे का?

विचारतो त्याला कारण आहे. दिवसभर उन्हात तापलेला ॲल्युमिनियमचा तो घुमट रात्रीच्या गारव्यात आकसायचा आणि त्याचे पत्रे मधूनच कुरकुरायचे. मुद्रणात कधी कधी ते ऐकू येतं असं लायमन सांगायचा. १९९९ साली घुमट पाडला.

---

नवखा श्रोता

धुऊन, वाळवून, परत लावली. एकदाच येतो. डावीकडूनच. आणि त्याच्या मागोमाग तीन सेकंदांची तीच शेपटी आहे.